मिटलेला एक डोळा

वेत्रनगरात अरिंदम राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी एका चित्रकथ्याच्या कुळात जन्म घेतला होता. गावोगाव हिंडावे, कापडावरची चित्रे उलगडून कथा सांगावी आणि मिळेल त्या धान्यावर पोट भरावे, असे त्यांचे जगणे होते.

त्याच नगरात श्यामा नावाची कुंभारीण राहत होती. पावसाळ्याच्या अखेरीस तिची लेक कणिका चिकणमाती आणायला नदीवर गेली आणि दरड तिच्यावर कोसळली. लोकांनी पोरीला उकरून काढले तेव्हा तिच्या पापण्यांवर ओली माती होती. श्यामानेच ती पदराने पुसली. त्या दिवसापासून लेकीचा चेहरा आठवायला जावे, तर तिला त्या मिटलेल्या पापण्याच दिसत. उघडे डोळे काही केल्या आठवत नसत. हे ती कोणाला सांगणार? पोटच्या पोरीचे डोळे विसरली म्हणून लोकांनी नावे ठेवली असती. तिने मातीला हात लावणे सोडले, मग बोलणे सोडले, आणि आता अन्नही सोडत चालली होती. शेजारणी सांत्वनाला येत, आपापल्या सुनांची गाऱ्हाणी सांगत आणि चूल पेटवायची वेळ झाली की उठून जात. नवरा भद्रक एकटाच चाकावर बसे. बायको डोळ्यांदेखत झिजत होती आणि त्याला काही सुचत नव्हते.

चित्रकथ्यांचा एक जुना रिवाज होता. ज्या घरी मृत्यू झाला असेल तिथे ते गेलेल्या माणसाचे चित्र घेऊन जात. चित्रात सगळे असे, फक्त डोळ्यांची जागा कोरी. "तुमचं माणूस परलोकाच्या वाटेवर आंधळं भटकतंय. भांडं द्या, मी त्याला डोळे देतो," असे ते म्हणत. दुःखात बुडालेली माणसे घरात असेल ते काढून देत. रिवाज कमाईचा होता, म्हणून तो मोडायच्या भानगडीत कोणी पडत नव्हते.

बोधिसत्त्व असेच एका मुलीचे चित्र घेऊन श्यामाच्या अंगणात आले. भद्रकाने घरातला एकुलता एक तांब्याचा हंडा त्यांच्यापुढे ठेवला.

"काढा डोळे, बाबा," श्यामा म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला होता. "हंडा न्या, घर न्या. पण तिचे डोळे मला एकदा बघू द्या."

बोधिसत्त्वांच्या घरीही त्या दिवशी चूल थंडच होती. कुंचला नुसता टेकवला असता तरी हंडा त्यांचा झाला असता. पण ते म्हणाले, "माई, मी काढीन ते माझ्या मनातले डोळे. तुझ्या लेकीला मी कधी पाहिलं नाही. ती कशी बघायची, ते तूच सांग."

"मला आठवत नाही!" श्यामा किंचाळली. "मातीनं भरलेल्या पापण्या दिसतात मला, दुसरं काही नाही!"

भद्रक थिजून उभा राहिला. बोधिसत्त्वांनी कुंचला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "डोळे राहू देत. सकाळी उठून ती आधी काय करायची?"

"चाकापाशी यायची. मी मडकं उतरवलं की समोर उकिडवी बसायची, काठ सरळ आहे का बघायला. मोठी आली शहाणी! म्हणायची, आई, इकडून तिरकं झालंय."

"काठ कसा बघायची?"

"असा," म्हणून श्यामाने मान वाकडी केली, एक डोळा मिटला, आणि ती तशीच थांबली. समोर कणिका होती. एक डोळा मिटलेला, दुसरा टक्क उघडा, आईची चूक सापडल्याच्या आनंदात.

श्यामाने हंबरडा फोडला. बोधिसत्त्वांनी कुंचला काजळीत बुडवून तिच्या हाती दिला. रडत रडत तिने एक डोळा उघडा काढला आणि दुसरा मिटलेला. त्या मिटलेल्या डोळ्याची आता तिला भीती वाटली नाही.

बोधिसत्त्व पसाभर धान्य घेऊन निघाले. भद्रक हंडा घेऊन मागे धावला, तेव्हा ते म्हणाले, "कथा तिनं सांगितली. मी नुसता ऐकणारा. ऐकणाऱ्यानं हंडा घ्यायचा नसतो."

कणिका काही परत आली नाही. घरातली तिची जागा रिकामीच राहिली. पण दुसऱ्या दिवशी श्यामाने माती मळली. चाक फिरवताना तिचे डोळे वाहत होते. मडके उतरवून तिने मान वाकडी केली आणि एक डोळा मिटला. "इकडून तिरकं झालंय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि काठ पुन्हा हातात धरला.

विहारातल्या सभेत करुणेवर उपदेश करताना सांगितलेली ही कथा इथे थांबवून तथागतांनी त्या जन्मीच्या माणसांची ओळख करून दिली. "तेव्हाचा भद्रक म्हणजे आपल्या विहारात पाणी भरणारे वृद्ध भिक्खू नंदिक. श्यामा म्हणजे मागे खांबाला टेकून बसलेली ही विणकरीण. आणि तो चित्रकथी मी होतो."

विणकरणीची मुलगी नुकतीच तापाने गेली होती. तिने विचारले, "आणि कणिका, भगवन्? ती आता कोण आहे?"

तथागत म्हणाले, "ते मी नाही सांगणार. तुझी मुलगी कशी बघायची, ते तू सांग."

विणकरीण खांबापासून पुढे सरकली. मग ती बोलू लागली. त्या दिवशी करुणा या गुणावर आणखी उपदेश झाला नाही. सगळे भिक्खू तिचेच ऐकत बसले.