फटीचा धनी

"फट कुणाची?" सोनखांबच्या दुर्गोजी महाराजांनी अशी डरकाळी फोडली की पहारेकऱ्याच्या हातातला भाला खाली पडला!

भानगड होती बोटभर फटीची. राजवाड्यातल्या नव्या जेवणघरात राणू गवंड्यानं फरशी घातली आणि धर्मा सुतारानं भांड्यांसाठी सागवानी कपाट बसवलं. दोन्ही कामं कशी झकास! फक्त फरशी कपाटापर्यंत पोचली नाही आणि कपाट फरशीला टेकलं नाही. मधे राहिली फट. काल ऐन पंगतीत त्या फटीतून एक उंदीर निघाला आणि चढला थेट महाराजांच्या मांडीवर! महाराज पाटावरून जे उडाले, ते शेजारी बसलेल्या व्याह्यांच्या ताटात. आमटीनं माखलेले महाराज बघून व्याही पोट धरधरून हसले. तेव्हापासून महाराजांचं डोकं फिरलेलं.

"ज्याची फट असेल, त्याची अर्धी मिशी उतरवा!" महाराज गरजले. "बोल राणू, फट तुझी?"

"छे छे, सरकार! माझी फरशी कपाटाच्या अलीकडेच संपते. फरशीत एक भोक दाखवा, मिशीच काय, मान उतरवून देतो!"

"मग धर्मा, तुझी?"

"देवाशपथ नाही, सरकार! माझं कपाट फरशीच्या वरच संपतं. लाकडात एक चीर दाखवा!"

"अरे, मग मधे काय आहे?"

"मधे काहीच नाही, सरकार," राणू म्हणाला.

"आणि काहीच नाही, ते मी कशाला करीन?" धर्मानं पुस्ती जोडली.

दिवाणजी दबकत म्हणाले, "महाराज, थोडा चुना भरला की विषय मिटेल."

"खबरदार! आधी धनी सापडेल, मग मिशी उतरेल, मग चुना!"

महाराज एकदा अडून बसले की बसले. तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या भिवरावर गेली.

"ए पोरी, हे जेवणघर रोज कोण झाडतं?"

"मीच, सरकार."

"म्हणजे फट तुझ्या झाडूखालची! दिवेलागणीच्या आत तिचा धनी शोधून दे. तुला काही मिशी नाही, तेव्हा नाही सापडला तर मागच्या अंगणातली खोली रिकामी कर आणि चालती हो!"

त्या खोलीत भिवराचे म्हातारे वडील होते, डोळ्यांनी अधू. उंबऱ्यापासून माठापर्यंत तेवढे चाचपत फिरायचे. त्यांना घेऊन जायचं कुठं? पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला रागच जास्त आला. उंदरानं उडवलं महाराजांना, आणि घर सोडायचं आम्ही! वा रे न्याय!

दुपारी ती फटीपाशी बसली असताना राणू हळूच आला. "भिवरा, धर्माचं नाव सांगून टाक ना!" तो गेला तसा धर्मा आला. "पोरी, राणूचं नाव घे बरं!"

दोघांनाही तिनं एकच सांगितलं, "काका, तुम्ही फक्त सगळ्यांसमोर ठासून सांगा की फट माझी नाही. पुढचं मी बघते."

दिवे लागायच्या सुमाराला सगळे जेवणघरात जमले. न्हावी वस्तरा परजून तयार! व्याहीसुद्धा मजा बघायला पुढे येऊन बसले.

"सापडला का धनी?" महाराजांनी विचारलं.

"सांगते, सरकार. त्याआधी एक विचारू? गावात मोकाट बैल सापडला, दवंडी पिटली, तरी कुणी माझा म्हणालं नाही, तर तो बैल कुणाचा?"

"सरकारजमा!" दिवाणजी म्हणाले.

"पुरात वाहून आलेलं सागाचं खोड?"

"तेही सरकारजमा!"

महाराजांनी मांडीवर थाप मारली. "या राज्यात ज्याला कुणी वाली नाही, ते माझं! आमच्या आजोबांपासूनचा कायदा आहे!"

"राणूकाका, फट तुमची?"

"मुळीच नाही!"

"धर्माकाका, तुमची?"

"त्रिवार नाही!"

"मग फट बेवारस, सरकार," भिवरा हात जोडून म्हणाली. "म्हणजे ती कुणाची, ते मी लहान तोंडानं काय सांगू?"

महाराजांचा हात आपोआप मिशीवर गेला. न्हाव्यानं महाराजांकडे बघितलं, वस्तऱ्याकडे बघितलं आणि वस्तरा पाठीमागे लपवला.

"कार्टे! माझी मिशी मागतेस?"

"मी कुठं मागितली, सरकार? सकाळपासून तुम्हीच मागताय!"

व्याह्यांना पुन्हा हसू फुटलं. महाराज हळू आवाजात म्हणाले, "अगं, यातून सुटायची काही वाट?"

"आहे की! शिक्षा फटीच्या धन्याला आहे ना? फटच राहिली नाही, तर धनी कुठला आणि मिशी कुठली!"

"राणू! धर्मा!" महाराज ओरडले. "बघता काय? बुजवा!"

"पण सरकार, ते आमचं काम..."

"फट माझी, हुकूम माझा! तू खालून चुना भर, तू वरून पट्टी ठोक. आणि दोघं शेजारी शेजारी बसून करा!"

बघता बघता फट बुजली. महाराजांनी स्वतः वाकून बोट घालून पाहिलं. बोट काही शिरेना. तेव्हा कुठं त्यांनी मिशी सोडली आणि इतके खदखदून हसले, इतके हसले, की व्याह्यांनाच त्यांना धरून बसवावं लागलं.

"शाबास पोरी! मागच्या अंगणातली खोली आजपासून तुझी, कायमची!"

भिवराचे डोळे भरून आले. तिनं वाकून मुजरा केला, पण जागची हलली नाही.

"आता काय राहिलं?"

"सरकार, त्या खोलीच्या दाराखाली एक फट आहे. चांगली वीतभर."

"मग बुजव की! खोली आता तुझी आहे."

"खोली आज माझी झाली, सरकार. फट कालची आहे!"

महाराजांनी झटकन मिशी धरली आणि हसता हसता हाक मारली, "राणू! धर्मा! चुना उरलाय का रे?"