अकरा पावलांचा कौल

त्या खोऱ्यात राजा नव्हता. चहूबाजूंनी उभे कडे होते, मधे गवताचे माळ आणि एक तळे होते, आणि जायला-यायला एकच खिंड होती. शेवटचा वाघ म्हातारपणाने मेल्यावर प्राण्यांनी ठरवले होते की यापुढे मोठ्या गोष्टी सर्वांना विचारूनच करायच्या. रोजचा कारभार पाच जणांचे एक मंडळ पाही, आणि भस्मा नावाचा राखाडी वानर त्या मंडळाचा प्रमुख होता.

विचारण्याची पद्धत साधी होती. तळ्याकाठच्या ओल्या चिकणमातीत एक रेघ ओढायची. एक उत्तर रेघेच्या उगवतीकडे, दुसरे मावळतीकडे. प्रत्येकाने यायचे, उजवे पाऊल एकदाच उमटवायचे आणि निघून जायचे. माती वाळली की बोरू नावाचे म्हातारे साळिंदर ठसे मोजत असे. बोरूची कुणाशी सलगी नव्हती, म्हणून त्याच्या मोजणीवर सगळ्यांचा विश्वास होता. पक्ष्यांना मत नव्हते. त्यांना खिंड लागत नव्हती, आणि त्यांनी कधी तक्रारही केली नाही.

त्या हिवाळ्यात खिंडीतून दोनदा बिबट्या आला. दुसऱ्या खेपेला त्याने तांबी नावाच्या भेकराच्या मादीचे पिलू नेले. पिलाच्या अंगावरचे ठिपकेही अजून गेले नव्हते. तांबीने तीन दिवस गवताला तोंड लावले नाही. दर वर्षीप्रमाणे त्या दिवसांत बरेच प्राणी खिंडीपलीकडच्या कुरणात चरायला निघाले. पळसाची फुले गळून पडली की ते परतत. तांबीची मोठी मुलगी हरळी त्यांच्याबरोबर गेली. तांबी गेली नाही. पिलू जिथून गेले ती जागा सोडून जाणे तिला जमेना.

पळस ऐन फुलावर असतानाच भस्माने तळ्याकाठच्या खडकावर चढून जाहीर केले, की खिंड दगडांनी बुजवायची की उघडी ठेवायची, हे चार दिवसांत विचारले जाईल. उघडी म्हणणाऱ्यांनी उगवतीकडे पाऊल ठेवायचे, बंद म्हणणाऱ्यांनी मावळतीकडे.

"पण आपले दोनशेजण पलीकडे आहेत," गर्दीतून एक सांबर म्हणाले. "ते येईपर्यंत तरी थांबा."

"बिबट्या थांबणार आहे का?" भस्माने विचारले. मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "काळजी नको. कौल काहीही लागो, आधी आपले सगळे आत येतील, मगच पहिला दगड पडेल. हा माझा शब्द आहे."

तांबी अगदी पुढे उभी होती. तिने तो शब्द ऐकला, आणि चौथ्या दिवशी मावळतीकडे पाऊल ठेवले. इतक्या जोराने ठेवले, की त्या बाजूचा सर्वांत खोल ठसा तिचाच होता.

बोरूने माती वाळल्यावर दोनदा मोजणी केली. बंद म्हणणारे अकरांनी जास्त होते.

तिसऱ्याच दिवशी खिंडीत दगड पडू लागले. हे काम दंताळ नावाच्या रानडुकराकडे आणि त्याच्या वीस साथीदारांकडे होते. पलीकडच्यांना बोलवायला एक ससा पाठवला होता, पण धुके फार आहे म्हणून तो खिंडीच्या तोंडातूनच परतला. दुसरा कुणी पाठवला गेला नाही. डुकरांना हुकूम होता की बाहेर जाणाऱ्याला अडवायचे नाही, मात्र आत कुणाला घ्यायचे नाही. आत येणारा आपला की परका हे तपासत बसायला वेळ नव्हता.

पळस गळाला तेव्हा निम्मी खिंड भरली होती. पलीकडचे परत आले आणि दगडांपाशी अडकले. तांबी धावत गेली. उरलेल्या फटीत डुकरे उभी होती; त्यांच्या आडून तिला हरळीचे कान आणि एक डोळा दिसला.

"आई, हे आत येऊ देत नाहीत," हरळी म्हणाली. "म्हणतात, खिंड बंद झाली."

"कोण म्हणतं?"

"हेच सगळे. म्हणतात, तुम्हीच सांगितलंत." हरळीने मान पुढे काढली. "आई, तू नव्हतं ना सांगितलंस?"

तांबीला खोटे बोलता आले असते. दगडांच्या पलीकडून कुणाला ठसे दिसणार नव्हते.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

हरळीचा तो डोळा फटीपासून बाजूला झाला. दंताळने आणखी एक धोंडा लोटला. लोटताना त्याने तांबीकडे पाहायचे टाळले.

तांबी तिथून थेट भस्माकडे गेली.

"भस्माबाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," भस्मा शांतपणे म्हणाला. "पण तो प्रश्नात नव्हता. प्रश्न एवढाच होता, खिंड बंद की उघडी. तू बंद म्हणालीस."

"तुमच्या शब्दावर म्हणाले."

"मातीत शब्द उमटत नाहीत, तांबी. पावलं उमटतात."

त्या दिवसापासून तांबी माळामाळांवर फिरू लागली. भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगे. पुन्हा विचारायला हवे. जे पलीकडे होते त्यांना विचारलेच नव्हते, आणि जे इथे होते त्यांना खोटे सांगून विचारले होते.

तिला वाटले होते, निदान उघडी म्हणणारे तरी तिच्या बाजूने उभे राहतील. पण तेच सांबर तिच्यावर भडकले. "आम्ही ओरडत होतो तेव्हा तू कुठे होतीस? तुझ्यासारख्या सहाजणींनी पाऊल इकडे टाकलं असतं, तर आज हे झालं नसतं."

"खरं आहे," तांबी म्हणाली. "त्या सहांतली एक मी. म्हणून तर बोलतेय."

बंद म्हणणाऱ्यांनी तर तिला वाळीतच टाकले. ती पाण्यावर आली की ते बाजूला होत. कुणी म्हणे, पोरीसाठी फिरली. कुणी म्हणे, पिलाला विसरली. हे दुसरे बोलणे तिच्या जिव्हारी लागले, पण तिने फिरणे थांबवले नाही.

शेवटी मंडळाला सभा बोलवावी लागली. सभेत भस्मा फारसा बोललाच नाही. त्याने बोरूला पुढे केले, कारण कौल पाळण्याची बाजू बोरू मनापासून मांडणार हे त्याला ठाऊक होते.

"मी स्वतः बंद म्हणालो होतो, हे लपवत नाही," बोरू म्हणाला. "पण उलट लागलं असतं तरी आज हेच बोललो असतो. सगळ्यांना विचारायचं आणि मिळालेलं उत्तर पाळायचं, एवढ्या एका गोष्टीवर आपण इथे राजावाचून राहतो आहोत. उत्तर पटलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, तर पहिल्या उत्तराला अर्थ काय उरला? उद्या दुसरंही कुणाला पटणार नाही. मग तिसऱ्यांदा विचारायचं?"

"विचारायचं," तांबी म्हणाली.

सभेत हशा पिकला. ती तो ओसरेपर्यंत थांबली.

"बोरूकाका, तुमची मोजणी चुकली असं मी म्हणत नाही. अकरा म्हणजे अकराच. पण ती अकरा पावलं टाकणारे आम्ही अजून जिवंत आहोत. आमच्या नावाने रोज दगड पडतायत, आणि आम्हीच थांबा म्हटलं तर तुम्ही वाळलेल्या मातीकडे बोट दाखवता. बिबट्या खिंडीतूनच आला, हे मला तुम्ही सांगायला नको. खिंड उघडी राहिली तर तो पुन्हा येईल, हेही मला कळतं. ते सगळं कळून मी आज काय म्हणते, एवढं विचारा. उत्तर पुन्हा बंदच आलं, तर मी स्वतः दगड लोटायला जाईन."

बोरूचे काटे हळूच खाली बसले.

मंडळाने दुसऱ्या दिवशी हुकूम काढला. कौल कायमचा आहे. वाळलेल्या ठशांभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालण्यात येत आहे. पुन्हा विचारण्याची भाषा करणे हा सर्व पावलांचा अपमान समजला जाईल.

हुकूम निघाला त्याच दुपारी भस्मा एकटाच तांबीला भेटायला आला. तिच्यासमोर उकिडवा बसून तो आपुलकीने म्हणाला, "मला तुझं दुःख कळतं. फट अजून एका भेकरापुरती आहे. बाहेर जायला कुणाला मनाई नाही. जा तुझ्या मुलीकडे. उद्यापर्यंत दंताळला थांबायला सांगतो."

तांबी खिंडीकडे पाहत राहिली. तिचे चारही पाय त्या दिशेने ओढ घेत होते. हरळीने त्या दिवसानंतर फटीशी तोंड आणले नव्हते, आणि तिला समजावायला जवळ जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

"मी गेले, की माझं पाऊल तेवढं इथे राहील," अखेर ती म्हणाली. "काट्यांच्या कुंपणात. आणि ते रोज तुमच्या बाजूने बोलेल. मी पलीकडून कितीही ओरडले, तरी ते बोलतच राहील."

"म्हणजे तू जाणार नाहीस?"

"नाही."

"मुलीपेक्षा तुला हा हट्ट मोठा?"

"तिने मला विचारलं, तू सांगितलं होतंस का. तिला द्यायला माझ्याकडे दुसरं उत्तर हवंय. ते मी फटीतून पळून जाऊन कसं देऊ?"

भस्मा उठला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर आपुलकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर आले तेव्हा तांबी तळ्याकाठी गेली. कुंपणाच्या शेजारी, पाण्याला लागून, ओल्या चिकणमातीचा एक पट्टा मोकळा होता. तिने खुराने त्यात रेघ ओढली. रेघ वाकडी आली. मग मान वर करून ती ओरडली. भेकराचे ओरडणे सगळ्या खोऱ्याला ऐकू जाते, आणि एरवी ते धोक्यासाठीच असते. प्राणी जिथे होते तिथून धावत आले आणि कुठे काही दिसेना म्हणून गोंधळून उभे राहिले.

"विचारणारं कुणी नाही, म्हणून मीच विचारतेय," तांबी म्हणाली. "खिंड बंद की उघडी? सगळे सांगा. बंद म्हणणारेसुद्धा."

तिने रेघेच्या उगवतीकडे उजवे पाऊल टेकवले, उचलले आणि ती बाजूला झाली.

कुणी हलले नाही. कुंपणाजवळ पहाऱ्यावर असलेली दोन डुकरे पळत मंडळाला सांगायला गेली. मातीतला तो एकटा ठसा हळूहळू पाण्याने भरू लागला. तांबी जागची हटली नाही.

मग गर्दी दुभंगली आणि बोरू पुढे आला. तो रेघेपाशी आला, क्षणभर थांबला, आणि मावळतीकडे वळून त्याने पाऊल ठेवले.

"माझं उत्तर तेच आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "पण हिने विचारलं आहे, आणि मी जिवंत आहे."

त्यानंतर सांबर आले. ते तांबीकडे न पाहता उगवतीकडे पाऊल ठेवून गेले. मग दोन ससे आले, एक इकडे गेला, एक तिकडे. मग मुंगूस, मग खवल्यामांजर, मग नीलगायींचा सबंध कळप. कुणी उगवतीकडे, कुणी मावळतीकडे. कुणी पाऊल उचलून दोनदा विचार करत होते, आणि मागचे त्यांना घाई करत नव्हते. रांग माळापर्यंत गेली.

भस्माने हे खडकावरून पाहिले आणि खिंडीतल्या सगळ्या डुकरांना खाली बोलावले. "पुसून टाका," तो म्हणाला. "एक ठसा राहता कामा नये."

दंताळ साथीदारांना घेऊन धावत उतरला. खिंडीत कुणी उरले नाही. थोड्याच वेळात तिथल्या फटीतून एक भेकर आत आले, त्याच्यामागे एक चितळ, मग एकामागून एक सगळे. ते माळावरून चालत आले आणि न बोलता रांगेच्या शेवटी उभे राहिले. तांबीने हरळीला पाहिले. तिच्याकडे धावत जावे असे तिला फार वाटले. पण रांग पुढे सरकत होती, आणि हरळी मान उंचावून पुढचे पाहण्याचा प्रयत्न करत होती.

दंताळ मातीच्या कडेला येऊन थांबला. त्याच्यामागे त्याचे साथीदार थांबले. ठसे दाटीवाटीने उमटले होते आणि माती अजून मऊ होती. त्याने इकडून पाहिले, तिकडून पाहिले. कडेला उभे राहून कुठूनही मुस्कट पोहोचत नव्हते. पुसायचे तर आत उतरणे भाग होते, आणि उतरले की त्याचेही पाऊल उमटणार होते.

"काय बघतोस?" भस्मा खडकावरून ओरडला. "पाय टाक!"

रांग थांबली. कुणी त्याला अडवले नाही. बोरूने थोडे सरकून त्याला जागा करून दिली. दंताळने उजवा पाय उचलला, आणि रेघेच्या अगदी वर तो तसाच धरून उभा राहिला.