लाभाचं पान

ही गोष्ट खरं तर मी कुणाला सांगायची नव्हती. साळूमावशीनं ती मला सांगितली, तेव्हा माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, "मोठ्यांना नाही हं सांगायची. हसतील." पण तुम्ही कुठे मोठे आहात? तुम्ही तर दुसरीतली मुलं. म्हणून हळूच सांगते.

आपल्याला चिंचोके देऊन वाटण्या करायला शिकवते ना, तीच ही साळूमावशी. पण तेव्हा ती आठ वर्षांची होती, नुसती साळू. पळसबनाच्या कडेला एका इवल्याशा झोपडीत ती आणि तिची आई राहायच्या. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायची. साळूकडे एकच फ्रॉक होता आणि तो पूर्वी निळा होता म्हणे. पाटीसुद्धा अर्धीच होती, कारण उरलेली अर्धी फुटली होती. रोज शाळेआधी साळू बनात जाऊन पानं खुडायची, मोजून गठ्ठे बांधायची आणि मग धावत शाळेत जायची.

शाळेत गुरुजी चिंचोक्यांनी भागाकार शिकवत. "वीस चिंचोके मोजून घ्या. मनात मोजा, ओठ हलवायचे नाहीत. आता चार वाटे करा." सगळ्यांच्या वाट्याला पाच-पाच यायचे. साळूच्याही यायचे. पण तिच्याजवळ नेहमी एक चिंचोका उरायचा.

"साळूचं पिल्लू उरलं गं, उरलं!" शेजारची ठमी खिदळायची.

"साळू, मी वीस सांगितले होते ना?"

"वीसच आहेत, गुरुजी."

"मग वाटताना कुणाला तरी विसरतेस तू. शनिवारी पुन्हा विचारीन. तेव्हाही एक उरला, तर पहिलीच्या बाकावर बसायचं."

साळूनं घरी सांगितलं. आई पान टाचता टाचता म्हणाली, "नसेल जमत तर नको जाऊस, बाई. मला इथं दोन हात होतील." आई रागावली नव्हती. म्हणून तर साळूला जास्त रडू आलं. तिला शाळा फार फार आवडायची.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती उरलीसुरली पानं खुडायला गेली. पळस नुसता फुलला होता! जिकडेतिकडे केशरी फुलंच फुलं, जणू झाडांवर छोट्या छोट्या ज्योती लावल्या होत्या. तेवढ्यात एका खोडाजवळून बारीकसा आवाज आला, "सोडव गं, सोडव!"

बोटभर उंचीची एक परी तिथं अडकली होती. तिचा फ्रॉक पळसफुलाच्या पाकळीचा होता आणि पंख चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत. एक पंख खोडाच्या लालचुटुक डिंकाला चिकटला होता.

"हलू नका हं, नाहीतर फाटेल," साळू म्हणाली. तिनं ओंजळीतून ओढ्याचं पाणी आणलं, थेंब थेंब सोडलं आणि अलगद, अगदी अलगद पंख सोडवला. मग आपल्या अर्ध्या भाकरीचा तुकडाही पुढे केला.

परी हसली, तशी तिच्या अंगातून सोनेरी उजेड सांडला. "नको, मला दिलेलं चालत नाही. तूच तीन गोष्टी माग. पण माझे नियम आहेत हं! काय हवं आणि किती हवं, दोन्ही सांगायचं. तेवढंच मोजून घ्यायचं. आणि इथे जितके जण आहेत, तितके सारखे वाटे करायचे. वाटा लहान-मोठा झाला, तर सगळं गुडुप!"

साळूनं इकडेतिकडे पाहिलं. फांदीवर एक झुबकेदार खारुताई होती, वर एक पोपट आणि झुडपात एक पांढराशुभ्र ससुला. आणि ती स्वतः. म्हणजे चौघे.

"आणि तुम्ही?"

"आम्हा पऱ्यांना वाटा नसतो गं. माग!"

"वीस लाडू," साळू म्हणाली. तिला फार भूक लागली होती.

परीनं एक फूल हलवलं. गडगड गडगड लाडवांचा ढीग पडला! "मोठ्यानं मोज, मला ऐकायला आवडतं," परी म्हणाली.

"लाभ," साळूनं पहिला लाडू बाजूला ठेवला. "एक, दोन, तीन..." वीसपर्यंत मोजून तिनं चार पानं मांडली. खारुताईला एक, पोपटाला एक, ससुल्याला एक, मला एक. पुन्हा खारुताईला एक... पाच फेऱ्या झाल्या. आणि एक लाडू उरला.

साळूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघा, इथंही उरला! मला येतच नाही."

"वाटण्या तर अगदी सारख्या झाल्यात," परी म्हणाली. "पण तो पहिला, 'लाभ', तो तू मोजलास कुठे?"

"लाभाचं पान मोजायचं नसतं. आमच्याकडे असंच असतं. आधी लाभ, मग एक."

परी खुदकन हसली. "म्हणजे लाडू एकवीस झाले ना, राणी!"

साळू बघतच राहिली. मग एकदम टाळ्या पिटत नाचू लागली. तिला वाटता येत होतं! ती चुकत होती फक्त मोजायच्या सुरुवातीला!

"आता हा उरलेला माझा," म्हणत परीनं तो लाडू घेतला. खाताना तिचा उजेड केवढा लखलखला!

"आता वीस बोरं!" साळू म्हणाली. या वेळी तिनं पहिल्या बोरालाच "एक" म्हटलं. चार पानांवर पाच-पाच बोरं आली. शेवटी एकही उरलं नाही. "आलं! मला आलं!"

पण साळूची नजर बारीक होती. तिला दिसलं, की परीचा उजेड मंद झालाय. तेल संपत आलेल्या पणतीसारखा.

"तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही गं," परी हळूच म्हणाली. "उरलं तरच आमचं असतं. नाही उरलं, तर नाही. माग, शेवटचं माग."

साळूच्या मनात एक कोरी, अख्खी पाटी होती. कितीतरी दिवसांपासून ती तिचीच स्वप्नं बघत होती. पण पाटी चौघांत वाटायची कशी? आणि परीला उरणार काय?

तिनं ओढ्यातले खडे आणले आणि पानांवर मांडून पाहिले. वीस घेतले, काही उरलं नाही. एकवीस घेतले, एक उरला. बावीस घेतले, दोन उरले. तेवीस घेतले, तीन. चोवीस घेतले मात्र, आणि अरेच्चा! सगळ्यांना एकेक जास्त गेला आणि पुन्हा काही उरलंच नाही. चार वाटे असले, की तीनच्या वर उरतच नाही तर!

"तेवीस गुळपापडीच्या वड्या," ती ठामपणे म्हणाली.

पाच-पाच वड्या पानांवर गेल्या. तीन उरल्या. साळूनं त्या परीसमोर ठेवल्या.

"हे मी दिलेलं नाही हं. हे उरलंय."

परीनं एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. तिचा उजेड पिवळा झाला, केशरी झाला, गुलाबी झाला. सगळं बन झगमगलं. "मला उरावं म्हणून आजवर कुणी हिशेब केला नव्हता," ती म्हणाली. साळूनं डोळे मिटले आणि उघडले. परी नव्हती. नुसते चमचमते कण हवेत तरंगत होते. आणि साळूच्या पानाखाली एक काळीभोर, अख्खी, कोरी पाटी होती. तिच्यावर इवल्याशा अक्षरांत लिहिलं होतं, 'ही वाटायची नाही.'

घरी साळूनं आईला वड्या दिल्या आणि विचारलं, "आई, लाभाचं पान मोजत का नाहीत?"

आई पोट धरून हसली. "अगं वेडे, एखादं पान फाटलं तर असावं म्हणून ते जास्तीचं! चिंचोके काय फाटणार आहेत?"

शनिवारी साळूनं वीस चिंचोके मोजले, चार वाटे केले. पाच, पाच, पाच, पाच. ठमी उरलेलं पिल्लू शोधत राहिली. गुरुजी म्हणाले, "शाब्बास! पण पहिलीच्या बाकावर तुला बसावंच लागेल." साळूचा चेहरा उतरला. "त्यांना शिकवायला गं!"

तेव्हापासून साळूमावशी शिकवतेच आहे. आणि तुम्ही पाहिलंय ना, खाऊ वाटताना ती नेहमी मुद्दाम एखादा उरेल असा मोजते आणि उरलेला खिडकीत पळसाच्या पानावर ठेवते. मी आज वर्ग झाडायला सगळ्यांच्या आधी आले. कालचा लाडू तिथं नव्हता. खारुताईनं नेला असेल, असंच मलाही वाटलं. पण जवळ जाऊन पाहिलं, तर पानाच्या अगदी मधोमध...

"मंजुळे! चिंचोके आणतेस ना? पहिलीची मुलं खोळंबलीत!"

आले हं, मावशी! तर पानाच्या मधोमध, एवढंसं, केशरी आणि झिरझिरीत असं एक टोक होतं, परीच्या फ्रॉकचं!