पायउतार झालेली राजकन्या

एक होता राजा, आणि तो कायम घोड्यावर बसलेला होता. कायम म्हणजे कायम, बरं का. आंघोळ घोड्यावर, न्यायनिवाडा घोड्यावर, आणि जेवणाच्या वेळी राणी शिडीवर चढून वाढायची. आमटीचं काय व्हायचं ते विचारू नका.

त्याचं राज्य होतं चिमुकलं. राजवाड्यात कोणी शिंकलं की शेजारच्या राज्यातून 'सत्य आहे' असं ऐकू यायचं. अभिमान मात्र थोरला होता.

आता हा राजा खाली का येत नव्हता? तर त्याच्या खापरपणजोबांच्या जोड्यात एकदा खडा गेला, म्हणून ते घोड्यावरून उतरले. कोणीतरी ओरडलं, "महाराज पायउतार झाले!" शेजारच्या राजाला वाटलं, यांनी गादीच सोडली. तो आला आणि बसला. मग त्याला उठवता उठवता खापरपणजोबांना घाम फुटला. तेव्हापासून त्या घराण्यात कोणी उतरेना. शब्दसुद्धा बंद. ताप उतरायचा नाही, निघून जायचा. कढई उतरवायची नाही, खाली घ्यायची. दरबारी पंडितांनी यावर मोठमोठी व्याख्यानं दिली. पंडितांना विषय लागतोच.

त्या राज्यात एक उंच डोंगर होता, आणि माथ्यावर होता देवीचा नगारा. राजा म्हातारा झाला की त्याच्या एका लेकरानं दसऱ्याचा सूर्य मावळायच्या आत तो वाजवायचा. एकट्यानं जाऊन चालायचं नाही. स्वार आणि घोडा, दोघं मिळून पोचले तरच नगारा वाजे. नाही वाजला, तर राज्य शेजारच्या राजाचं. तसं देवीनंच सांगितलं होतं.

मग राजा म्हातारा झाला. दसरा दोन दिवसांवर आला. शेजारच्या राजानं तर माणूस पाठवून राजवाड्याच्या खिडक्यांची मापं घेतली. पडद्यांसाठी!

पहिल्या दिवशी निघाला थोरला राजपुत्र, उदयभान. वेशीत माणसं बघत होती ना, म्हणून त्यानं जाग्यावरूनच घोडा चौखूर उधळला. आता खोगिराचा तंग असतो, म्हणजे पोटाखालून बांधायचा पट्टा. तो आवळताना घोडा पोट फुगवून ठेवतो. लबाड असतो तो. वेस ओलांडल्यावर घोड्यानं श्वास सोडला, तंग सैल झाला आणि खोगीर फिरलं. उदयभान पोटाखाली. तसाच लोंबकळत परत आला आणि म्हणाला, "बाबा, पण मी खाली पाय टेकला नाही!"

"शाब्बास!" राजा म्हणाला. काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी निघाला धाकटा, तेजभान. त्यानं खोगीर नीट तपासलं. पण अर्ध्या डोंगरावर लागला कातळ. गुळगुळीत, उतरता, कडेला दरी. तिथं त्यानं लगाम असा खेचला की घोड्याची मान आभाळाकडे. बिचाऱ्याला पायाखालचं दिसेना. मग घोडा काय करेल? म्हशीसारखा खाली बसला. तेजभानही वर बसून राहिला. संध्याकाळपर्यंत दोघं देखावा बघत होते.

उरला दसऱ्याचा दिवस. मग राजकन्या जाई पुढे आली. म्हणाली, "बाबा, मी जाते."

राजा म्हणाला, "अगं, घराण्याचं नाव..."

"दादा ते पोटाखाली घेऊन आला," जाई म्हणाली. "आता मी जरा वर नेऊन बघते."

तिच्यासाठी उरली होती एक बुटकी, गोल घोडी. नाकावर नथीएवढा पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव नथूबाई. जाई निघाली, सावकाश. वेशीबाहेर चिंचेखाली आली आणि नथूबाई थांबली. हलेचना. जाईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नुसता एक कावळा होता. मग ती खाली उतरली, आणि घोडीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आलीस एकदाची समोर," नथूबाई म्हणाली.

हो, घोडी बोलली! त्या राज्यातले सगळेच घोडे बोलायचे, बरं का. पण कोणी समोर उभं राहिलं तर. खापरपणजोबांनंतर राजघराण्यातलं कोणी उतरलंच नाही, तर कळणार कसं?

"पाठीवरच्यांशी बोलायची आमच्यात पद्धत नाही," नथूबाई म्हणाली. "आता तंग पुन्हा आवळ. दोन बोटं आत जातील एवढाच."

"म्हणजे तूही पोट फुगवलं होतंस?"

"तुझ्या पोटाला कोणी पट्टा बांधला असता तर तू काय केलं असतंस? आता ऐक. चढावर पुढे झुक आणि माझी आयाळ धर, तोंडातला लगाम ओढू नकोस. पायाखालचं मी बघते. लांबचं तू बघ."

मग दोघी चढू लागल्या. ओढा लागला तिथं नथूबाई पाणी प्यायली, जाई गप्प थांबली. मग आला कातळ. तो डोंगराच्या उघड्या अंगावर होता. खालून सगळं राज्य बघत होतं. राजा बघत होता. शेजारचा राजाही बघत होता, आणि त्याच्यामागे पडद्यांची गाडी.

नथूबाई थांबली. समोर कोणी नव्हतं म्हणून बोलली नाही, नुसता एक कान मागे वळवला. जाईला कळलं. इथं पाठीवर बसून राहिलं तर दोघी दरीत. उतरलं तर खापरपणजोबांपासूनची सगळी अब्रू दरीत. तिचे कान लाल झाले.

मग तिनं रिकिबीतून पाय काढला आणि उतरली. लपतछपत नाही. मान ताठ ठेवून, देवळाच्या पायरीवर पाय ठेवावा तशी.

खालून शेजारचा राजा ओरडला, "पायउतार झाली! राजकन्या पायउतार झाली!" आणि पडदे घेऊन राजवाड्याकडे पळत सुटला.

जाई समोर आली तशी नथूबाई म्हणाली, "ओरडू दे. त्याचा पाय कातळावर नाही. चल, माझ्या खांद्याशी चाल. अगदी पुढ्यात नको, घसरले तर तुझ्यावर येईन. आणि मी काही हलकी नाही."

दोघींनी एकेक पाऊल टाकत कातळ ओलांडला. मग जाई पुन्हा वर बसली, आणि सूर्य टेकायच्या आत त्या माथ्यावर पोचल्या. नगारा होता, पण वाजवायला टिपरूच नव्हतं! जाईनं झुडपांत शोधलं, दगडांमागे शोधलं, आणि हात हलवत घोडीसमोर येऊन उभी राहिली.

"बाजूला हो बाई," नथूबाई म्हणाली. तिनं खूर उचलला आणि अलगद टेकवला.

धडाम्!

असा आवाज झाला की सगळा डोंगर गुणगुणला. शेजारचा राजा तेव्हा नेमका गादीवर टेकत होता. गादीनं एक हिसका दिला, आणि तो थेट आपल्या राज्यात जाऊन पडला. लांब नव्हतंच ते. पडदे मात्र इथंच राहिले. रंग छान होता.

येताना उतारावर जाई मागे रेलून बसली. घराकडे तोंड झालं की घोड्याला पंख फुटतात, पण दोघी चालीचालीनंच आल्या. वेशीत राजा उभा होता. म्हणजे बसलेला होता. लेकीला बघून त्याचा ऊर असा भरून आला की तो नकळत घोड्यावरून उतरला, धावत पुढे झाला आणि ओरडला, "बघा रे, ही माझी लेक! ही उतरली, आणि सगळ्यांच्या वर पोचली!"

तेवढ्यात मागून कोणी खाकरलं. राजाचा म्हातारा घोडा होता. राजा वळून त्याच्यासमोर उभा राहिला.

घोडा म्हणाला, "महाराज, कितीतरी वर्षं एक सांगायचं होतं. तुम्ही फार जड आहात हो."

मग जाई राणी झाली. गादीवर बसायच्या आधी ती सगळ्यांसमोर घोडीवरून उतरली. त्या राज्यात अजून तसंच करतात, आणि 'पायउतार' म्हटलं की तिथं छाती काढून उभे राहतात. राजा आता पाटावर बसून जेवतो. आमटी ताटात पडते. सगळे सुखात आहेत, घोडे जरा जास्तच.

चला, उतरा आता माझ्या पाठीवरून. तुमची घोडी दमली. पांघरूण घ्या, आणि झोपा.