नकाराचे तीन रांजण

एका राज्यात राजा सात वर्षांपुरताच निवडला जात असे. मुदत भरली की प्रजा नदीकाठच्या पटांगणात जमे आणि तिच्या 'हो'-'नाही'वर मुकुट राही किंवा उतरे. वज्रकेतू असाच निवडून आलेला राजा. त्याने मंत्राने महापूर अडवला होता, म्हणून सर्वांचा त्याच्यावर जीव होता. वेणाई कुंभारणीचाही.

शत्रू 'नाही' या शब्दावर बसून वेशीतून आत येतात, असे सांगून राजाने तिच्याकडून तीन रांजण घडवून घेतले. रांजणात वाकून एकदा 'नाही' म्हटले की तो शब्द जिभेवरून कायमचा उतरे. पहिल्या रांजणात कैद्यांचे नकार गेले. कैद्यांचेच तर आहेत, म्हणून कोणी बोलले नाही. दुसऱ्यात न्यायाधीशांचे गेले. तिसऱ्यासाठी प्रजा आपण होऊन रांगेत उभी राहिली. वेणाईचा नंबर तिसरा होता. तिचा नवरा सोनजी मात्र गेला नाही. राजाने त्याच्यावर पाणी शिंपडून त्याचा खंड्या पक्षी केला.

सातवे वर्ष सरले. वज्रकेतू जन्मभर राजा राहू दे का, असे पटांगणात विचारले गेले. सगळे हो म्हणाले. दुसरा शब्दच उरला नव्हता. मग राजाने जमिनी मागितल्या, पुढे सैन्यासाठी मुलगे मागितले. शेजारणीने आपले दोन्ही मुलगे हो म्हणत हवाली केले, ते वेणाईने दारातून पाहिले.

खंड्या म्हणाला, "ज्या हातांनी रांजण घडले, त्यांनीच ते फुटतील. पण फोडणारीचा शब्द तिला परत मिळायचा नाही."

"हो," वेणाई म्हणाली. मनापासून म्हणाली की दुसरे म्हणता येत नव्हते म्हणून, हे तिचे तिलाही कळले नाही.

खंड्याला खांद्यावर घेऊन ती निघाली. तुरुंगाच्या दारी पहारेकऱ्याने विचारले, "परत जातेस?" तिच्या तोंडून हो निघाले, खांद्यावरून "नाही" आले. कित्येक दिवसांत न ऐकलेल्या त्या शब्दाने पहारेकऱ्याच्या हातचा भाला गळाला. पहिला रांजण फुटला. न्यायासनाखाली दुसरा रांजण राखत बसलेल्या नागाने तिला मोहरांनी भरलेला हंडा देऊ केला. ती हो म्हणाली, खंड्या नाही म्हणाला, आणि दुसरा फुटला.

तिसरा सिंहासनामागे होता. वज्रकेतू शांतपणे म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला आत्ता माणूस करतो. रांजण राहू दे."

"हो," वेणाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

खंड्याने पंख मिटले. मग म्हणाला, "नाही."

वेणाईने रांजण आपटला. नकारांचा थवा खिडक्यांतून बाहेर पडला आणि ज्याच्या-त्याच्या जिभेवर जाऊन बसला. मंत्र उतरला, वज्रकेतूला मुकुट पेलेना, आणि सोनजी माणूस होऊन तिच्याजवळ उभा राहिला.

सात वर्षांसाठी नवा राजा निवडला गेला. त्याने पटांगणात एकेकाला पुढे बोलावून विचारले, "तू आपला शब्द आपण होऊन दिला होतास का?"

पहिला म्हणाला, "नाही." दुसरा म्हणाला, "नाही." शेजारीण नाही म्हणाली, पहारेकरी नाही म्हणाला, न्यायाधीशही ठणकावून नाही म्हणाले. सोनजीही नाही म्हणाला. त्याचे तेवढे खरे होते.

वेणाई पुढे आली आणि म्हणाली, "हो."

शाप सुटला, मुकुट पुन्हा रीतीने फिरू लागला, आणि दोषींच्या यादीत एकच नाव लिहिले गेले.