रागाआधीचे भय

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे इंद्रजित नावाचा तरुण शिष्य विद्या शिकत होता. बुद्धी तल्लख, हाताला गुण. पण कोणी आवाज चढवला की त्याला पुढचे-मागचे काही सुचत नसे. हातातली वस्तू भिरकावायची, नाहीतर तडक चालू लागायचे.

एके दिवशी औषधाला उशीर झाला म्हणून एक व्यापारी त्याच्यावर खेकसला. इंद्रजितने खल जमिनीवर आदळला. घोटलेले औषध मातीत गेले. गुरू काही बोलण्याआधीच तो गावाबाहेर निघालाही.

"जाऊ द्या त्याला," व्यापारी म्हणाला. पण वैद्यबुवा अनवाणीच त्याच्यामागे धावले. माळावर त्यांच्या तळपायात बाभळीचा काटा रुतला आणि ते मटकन खाली बसले. इंद्रजितने वळून पाहिले. त्याला राहवेना. तो परतला, गुरूंचा पाय मांडीवर घेतला आणि काटा अलगद काढला.

"आता मारा मला," तो म्हणाला.

"का रे?"

"चूक झाली की तेच होतं. वडील विचारत नसत. आधी काठी, मग कारण."

गुरू म्हणाले, "बाळा, तेव्हा थांबला असतास तर मार बसला असता, म्हणून घाई शिकलास. तिनेच तुला वाचवलं, तिला दोष देऊ नकोस. पण आता काठी उरली नाही, आणि तुझं भय मात्र अजून पहाऱ्यावर उभं आहे. त्याला हळूहळू निजू दे. औषध तूच पुन्हा घोटशील, व्यापाऱ्याची क्षमाही तूच मागशील. चल, मी तुला न्यायला आलोय."

सवय एका दिवसात सुटली नाही. कित्येकदा तो चिडला, कित्येकदा उंबऱ्यावरून माघारी फिरला.

पुढे एकदा वडील धाकट्या बहिणीला घेऊन भेटायला आले. पोर न सांगताच ओढ्यावर गेली. शोधाशोध झाली. ती सापडताच वडिलांनी हात उगारला. पोरीने डोके झाकून घेतले. इंद्रजितच्या मुठी वळल्या. क्षणभर तो तसाच थांबला, मग बहिणीपुढे येऊन म्हणाला, "बाबा, तुम्हीही घाबरला होतात ना? मग आधी तिला जवळ घ्या."

वडिलांचा हात खाली आला. त्यांनी लेकीला उचलून उराशी धरले. ते पुटपुटले, "आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही रे."

"मलाही इथे आल्यावरच कळलं, बाबा," इंद्रजित म्हणाला.