सगळ्यात हलकी सॅक

वस्तू बोलायच्या आणि वानरं फोटो काढायची, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरमाथ्यावरचं धनेशाचं पिल्लू आज पहिल्यांदा उडणार होतं. तो फोटो काढायचाच म्हणून हुपरू वानराने दुकानातली सगळ्यात हलकी सॅक निवडली. कॅमेरा आत ठेवला.

"एवढी हलकी आहे, तर मलाही घ्या की राव!" मोठी लेन्स म्हणाली. तिच्यामागून ट्रायपॉड शिरला, छत्री शिरली, चिवड्याचा डबाही शिरला.

अर्ध्या चढावर हुपरू धापा टाकत बसला. तेवढ्यात पिल्लू त्याच्या डोक्यावरून उडून गेलं. कॅमेरा तळाशीच!

"हलकी म्हणे! फसवलंस मला," तो सॅकवर खेकसला.

"दादा, मी अजूनही हलकीच आहे. आतल्यांना उतरवून बघा."

हे ऐकताच आतली सगळी मंडळी घोरायला लागली.